कार्डावर मॅनेजर, खांद्यावर बॅग

मागच्या महिन्यात ताईचा फोन आला, आवाज असा की मला वाटलं कोणाचं तरी लग्न ठरलं. म्हणाली, "अरे, आपला बाळ मॅनेजर झाला!" बाळ म्हणजे माझा भाचा, वय बावीस, बी.फार्म.चा रिझल्ट लागून धड दोन महिने झालेले. मी औषधविक्रीच्या याच लाईनीत एकवीस वर्षं काढलीत, इंदूरपासून झाबुआ-अलीराजपूरपर्यंत एकूण एक बस स्टँडवरचा चहा प्यायलोय, त्यामुळे मॅनेजर शब्द ऐकून मी काही उडालो वगैरे नाही, फक्त म्हटलं लेटर घेऊन ये संध्याकाळी रामबागेत.

आला, एक नाही दोन लेटरं घेऊन. एकावर लिहिलेलं टेरिटरी बिझनेस मॅनेजर, दुसऱ्यावर साधं मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, आणि घरात सगळ्यांचं एकमत की पहिलंच घ्यायचं, कारण उघड आहे. मी विचारलं, तुझ्या हाताखाली माणसं किती? म्हणे कोणीच नाही. मग मॅनेज काय करणार? जरा विचार करून म्हणाला, "टेरिटरी." म्हटलं हां, म्हणजे तुझी बाईक.

हसू नका, त्याची चूक नाही. फार्मा सेल्समध्ये पदांच्या नावांचा इतका गुंता करून ठेवलाय की बाहेरचा माणूस सोडाच, लाईनीतलाच माणूस दुसऱ्या कंपनीचं कार्ड हातात आलं की विचारतो, "भिया, इसका मतलब एमआर ही ना?" म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, ज्यांच्या घरात कोणी नवीन लागतंय त्यांच्यासाठी.

सगळ्यात खालची पायरी एकच आहे, नावं मात्र डझनभर. मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे एमआर, हे जुनं नाव. मग कोणी प्रोफेशनल सर्व्हिस रिप्रेझेंटेटिव्ह म्हणजे पीएसआर म्हणायला लागलं, कोणी टेरिटरी एक्झिक्युटिव्ह, बिझनेस ऑफिसर, सायंटिफिक बिझनेस ऑफिसर, थेरपी मॅनेजर, टेरिटरी सेल्स मॅनेजर, आणि आमच्या बाळाचं टेरिटरी बिझनेस मॅनेजर ऊर्फ टीबीएम. काम तेच. सकाळी बॅग भरायची, दिवसाला ठरलेले डॉक्टर करायचे (म्हणजे भेटून आपली औषधं सांगायची, आम्ही 'डॉक्टर करणे' असंच म्हणतो, घरच्यांना विचित्र वाटतं), केमिस्ट करायचे, रात्री डीसीआर म्हणजे डेली कॉल रिपोर्ट टाकायचा. पूर्वी डीसीआर कार्बन घालून कागदावर लिहायचो आणि आठवड्याचे एकदम पोस्टात टाकायचो, खरं सांगायचं तर बऱ्याचदा रविवारी एकाच पेनाने. आता मोबाईलमध्ये ॲप आहे, ते लोकेशन पण पकडतं, तेव्हा रविवारचं पेन गेलं.

आरसीपीए हा शब्द पण ऐकू येईल, रिटेल केमिस्ट प्रिस्क्रिप्शन ऑडिट. नाव असं की जणू कोणी सीए येणार आहे. प्रत्यक्षात काय, तर हॉस्पिटलच्या समोरच्या मेडिकलच्या काउंटरला कोपर टेकवून उभं राहायचं, गर्दी कमी झाली की केमिस्टला विचारायचं की साहेबांचं गॅसचं कोणतं चाललंय सध्या, किती पत्ते जातात दिवसाला, आपलं येतंय का, आणि तो एका हाताने गिऱ्हाईकाला सुट्टे देता देता दुसऱ्या हाताने रॅकमधला डबा दाखवणार, ये देखो, ये चल रहा है. ते तुम्ही तिथे लिहायचं नाही, बाहेर येऊन बाईकवर बसून लिहायचं, काउंटरवर वही काढली की केमिस्ट गप्प. डॉक्टर तुम्हाला तोंडावर हो-हो म्हणालेला असतो, चिठ्ठीवर खरंच काय येतंय ते इथे कळतं. टीबीएम असो की पीएसआर, या काउंटरवर सगळ्यांना उभं राहावंच लागतं.

पैशाचं गणित पण इथेच सांगून टाकतो कारण त्याशिवाय वरच्या पायऱ्या कळत नाहीत. कंपनीचा माल सीएनएफकडून म्हणजे डेपोसारखी जी एजन्सी असते तिच्याकडून स्टॉकिस्टकडे म्हणजे घाऊक विक्रेत्याकडे येतो, ही झाली प्रायमरी. स्टॉकिस्टकडून केमिस्टकडे जातो ती सेकंडरी. टार्गेट बऱ्याच ठिकाणी प्रायमरीवर धरतात, आणि महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत, त्याला क्लोजिंग म्हणतात, आमच्या इथल्या दवा बाजारात चक्कर मारा, एमवाय हॉस्पिटलपासून जवळच आहे, प्रत्येक स्टॉकिस्टच्या टेबलाशी टाय सैल केलेला एक तरी माणूस विनवण्या करताना दिसेल की भाईसाब दोन पेटी और रख लो. त्याच्या कार्डावर हमखास मॅनेजर लिहिलेलं असतं. माल नुसता वर ढकलला आणि खाली चिठ्ठ्याच नसल्या की तीन-चार महिन्यांनी तोच माल एक्सपायरी किंवा रिटर्न होऊन परत अंगावर येतो, आणि तोपर्यंत त्या माणसाचं प्रमोशन झालेलं असतं किंवा राजीनामा, मधलं काही नाही.

आता दुसरी पायरी. एरिया बिझनेस मॅनेजर म्हणजे एबीएम, एरिया सेल्स मॅनेजर, काही ठिकाणी डिस्ट्रिक्ट मॅनेजर, आणि हेड ऑफिसच्या भाषेत एफएलएम म्हणजे फर्स्ट लाइन मॅनेजर. इथून खरं मॅनेजर सुरू होतं, कारण याच्या खाली माणसं असतात, साधारण चार-पाच किंवा थोडी जास्त. ओळखायची खूण अगदी सोपी आहे: हा जॉइंट वर्क करतो, म्हणजे एक दिवस तुमच्याबरोबर, एक दिवस दुसऱ्याबरोबर, तुमच्याच बाईकवर मागे बसून. तुमचा टूर प्रोग्राम तो मंजूर करतो, तुमची टीए-डीएची म्हणजे प्रवासखर्चाची आणि रोजच्या भत्त्याची शीट तो पास करतो. मी स्वतः एबीएम झालो तेव्हा पहिले सहा महिने सवयीने डॉक्टरच्या केबिनमध्ये मीच बोलायचो, माझा पोरगा बाजूला बॅग धरून उभा. शेवटी खरगोनच्या एका सीनियर डॉक्टरांनीच विचारलं, "ये लड़का गूंगा है क्या?" एबीएमचं काम गप्प बसण्याचं आहे हे मला त्या दिवशी कळलं. कॉल झाल्यावर बाहेर पायरीवर उभं राहून सांगायचं काय चुकलं ते, आत नाही.

त्याच्या वर आरबीएम म्हणजे रीजनल, मग झेडबीएम म्हणजे झोनल, मग सेल्स मॅनेजर, नॅशनल सेल्स मॅनेजर, बिझनेस युनिट हेड. या वरच्या मजल्यांवर फार वेळ घालवत नाही, तिथे आकडे मोठे आणि फ्लाइटं जास्त, इतकंच, आणि एकाच कंपनीच्या दोन डिव्हिजनमध्ये दोन वेगळे झेडबीएम असतात, एकमेकांना धड ओळखत पण नाहीत.

मग खालच्यालाच मॅनेजर का म्हणायचं? माझ्या मते तीन कारणं, तिन्ही थोडी थोडी खरी. एक, डॉक्टरचं दार. क्लिनिकबाहेर पाटी असते 'एमआर सिर्फ दो से तीन', तिथे कार्ड पाठवताना एमआरच्या जागी दुसरं काही लिहिलेलं असलं तर कंपाउंडर एखाद्या वेळेस आत सोडेल अशी आशा. आता कंपाउंडरला पण सगळं माहीत झालंय, ती आशा संपली, कार्ड राहिलं. दोन, पगार वाढवण्यापेक्षा नाव वाढवणं स्वस्त पडतं. तीन, कायदा, आणि हे जरा थांबून वाचा.

एमआर लोकांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा झाला 1976 साली, सेल्स प्रमोशन एम्प्लॉईज कायदा. रजा, नेमणूक पत्र, आणि औद्योगिक तंट्याच्या कायद्याचं संरक्षण, म्हणजे उठून एका दिवसात घरी बसवता येत नाही, असं त्याने मिळालं. 1994 ला सॅन्डोझ कंपनीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की औद्योगिक तंट्याच्या कायद्यातल्या 'कामगार' या व्याख्येत एमआर आपोआप बसत नाही, त्यामुळे या 1976 च्या कायद्याचं महत्त्व अजूनच वाढलं. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नवीन लेबर कोड लागू झाले आणि तो जुना कायदा सुरक्षा-आरोग्याच्या कोडमध्ये सामावला, पण व्याख्या जवळपास तशीच ठेवली. त्या व्याख्येत एक गंमत आहे, सुरुवातीलाच म्हटलंय की विक्री वाढवण्याचं काम करणारी व्यक्ती, मग तिला नाव काहीही दिलेलं असो. नाव काहीही असो! हा खटाटोप होणार हे 1976 ला कायदा लिहिणाऱ्याला कुठून कळलं कुणास ठाऊक.

पण त्याच व्याख्येत पुढे अपवाद आहे, जो मुख्यतः मॅनेजरचं किंवा प्रशासनाचं काम करतो तो यात धरायचा नाही, आणि सुपरव्हायझर असेल आणि पगार महिना 18,000 च्या वर असेल तर तोही नाही. आता लक्षात आलं? कार्डावर मॅनेजर छापलं की भांडणाच्या वेळी म्हणायला मोकळे, की हा आमचा मॅनेजमेंटचा माणूस. कोर्ट सहसा नाव बघत नाही, काम काय करतो ते बघतं, हाताखाली कोणी आहे का, रजा मंजूर करतो का, पण तिथपर्यंत पोचायला वकील लागतो, वेळ लागतो आणि ईएमआय थांबत नाही. युनियनवाले हे वर्षानुवर्षं सांगतायत, मी तरुणपणी मीटिंगला जायचो ते मागे बसून कचोरी खायला, पण हा मुद्दा त्यांचा बरोबर होता हे नंतर कळलं. रजेचं पण सांगतो कारण नवीन पोरं विचारायला लाजतात: जितके दिवस ड्युटी त्याच्या अकराव्या हिश्शाइतकी पगारी रजा, आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट दिलं तर एकूण नोकरीच्या काळाच्या अठराव्या हिश्शाइतकी अर्ध्या पगाराची आजारपणाची रजा. अकरा महिने राबलात तर महिन्याभराची रजा हक्काची, कोणी मेहरबानी करत नाही.

नावात 'मेडिकल' आलं की सगळे एकाच माळेचे मणी असंही समजू नका. मेडिकल सायन्स लायझन म्हणजे एमएसएल, हे बहुतेक फार्म.डी., पीएचडी किंवा चक्क डॉक्टर असतात, मोठ्या तज्ज्ञांशी जाऊन स्टडीबद्दल बोलतात, यांना विक्रीचं टार्गेट नसतं आणि रिपोर्टिंग सेल्सकडे नाही, मेडिकल डिपार्टमेंटला. ही जागा अमेरिकेत अपजॉन कंपनीने 1967 ला सुरू केली, आपल्याकडे उशिरा आली. दुसरं, प्रॉडक्ट एक्झिक्युटिव्ह, प्रॉडक्ट मॅनेजर, ग्रुप प्रॉडक्ट मॅनेजर, हे मार्केटिंगवाले, पीएमटी म्हणजे प्रॉडक्ट मॅनेजमेंट टीम म्हणतात त्यांना, बहुतेक मुंबईत नाहीतर अहमदाबादला हेड ऑफिसात बसतात, आमच्या हातातलं व्हिज्युअल एड म्हणजे डॉक्टरला दाखवायचं चित्रांचं पुस्तक, त्यातलं प्रत्येक पान, यांनी ठरवलेलं. प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे एबीएमच्या वर का खाली, असं बाळाने विचारलं, तर बाबा तो शिडीवर नाहीच, तो बाजूच्या बिल्डिंगमध्ये आहे. फील्डवरून तिकडे जाता येतं, एमबीए असेल तर सोपं जातं.

की अकाउंट मॅनेजर म्हणजे केएएम हे नाव मात्र फसवं नाही. मोठी कॉर्पोरेट हॉस्पिटलं, सरकारी खरेदी, तिथे एका डॉक्टरने चिठ्ठी लिहून भागत नाही, परचेसवाला, फार्मसी हेड, रेट कॉन्ट्रॅक्ट, सगळ्यांशी बोलावं लागतं, तो माणूस हा. डॉक्टर कमी, मीटिंगा जास्त, बिलं मोठी आणि पेमेंटं लांबलेली.

आणि डिव्हाइसवाले, यांच्याबद्दल घरोघरी सगळ्यात जास्त गैरसमज. हाडांच्या इम्प्लांटच्या कंपनीत सेल्स एक्झिक्युटिव्ह, क्लिनिकल स्पेशालिस्ट, ॲप्लिकेशन स्पेशालिस्ट अशी पदं असतात. माझा एक जुना जोडीदार गोळ्या सोडून तिकडे गेला, त्याच्याबरोबर एकदा गेलो होतो. पहाटे साडेपाचला स्टीलच्या तीन पेट्या गाडीच्या डिकीतून उतरवून हॉस्पिटलच्या निर्जंतुकीकरणाच्या खोलीत जमा केल्या, गुडघ्याच्या सगळ्या साईजचं सामान, कारण आत उघडल्यावर नक्की कोणती साईज लागेल ते आधी पूर्ण सांगता येत नाही. मग तो हिरवे कपडे, टोपी, मास्क घालून ओटीत गेला आणि चार तास उभा. पेशंटला हात लावायचा नाही, निर्जंतुक टेबलाच्या जवळ जायचं नाही, फक्त लांबून सिस्टरला सांगायचं, दुसरा ट्रे, डावीकडून तिसरा. दुपारी बाहेर आला तेव्हा पाय सुजलेले, आणि मग उभ्या उभ्या पोहे खाताना कुठली साईज वापरली त्याचे स्टिकर मोजत होता, बिलासाठी. त्याच्या कार्डावर नुसतं 'एक्झिक्युटिव्ह' आहे. आमचा टीबीएम आणि हा एक्झिक्युटिव्ह शेजारी उभे केले तर सासरेबुवा कोणाला पसंत करतील सांगा!

ॲप्लिकेशन स्पेशालिस्ट म्हणजे सोनोग्राफी, लॅबची मशीन वगैरे चालवायला शिकवणारा, आणि सर्व्हिस इंजिनिअर ती दुरुस्त करणारा, या दोघांकडेही विक्रीचं काम येतं पण मागच्या दाराने.

एक धोक्याची पाटी पण लावून ठेवतो. इंदूरात जाहिराती असतात, 'अमुक जिल्ह्यासाठी एरिया मॅनेजर पाहिजे, मोनोपॉली राईट्स'. ही नोकरी नाही हो, हे पीसीडी आहे, प्रोपगंडा कम डिस्ट्रिब्यूशन. कंपनी तुम्हाला ठराविक रेटने माल देते, डॉक्टर तुम्ही करायचे, विकायचा तुम्ही, उरला तर तुमचा. धंदा म्हणून वाईट नाही, आमच्यातले कितीतरी जण चाळिशीनंतर यातच गेले आणि बरे कमावतायत, पण त्यासाठी होलसेलचं ड्रग लायसन्स लागतं, फॉर्म 20बी आणि 21बी, भांडवल लागतं, आणि पीएफ-बीएफ काही नसतो. नोकरी समजून डिपॉझिट भरून आलेला एक मुलगा मला दवा बाजाराच्या जिन्यात भेटलेला, घरी स्ट्रिपांचे चौदा कार्टन आणि डॉक्टर ओळखीचा एक नाही.

अजून एक गोष्ट या दोन-तीन वर्षांत बदलली. 12 मार्च 2024 ला सरकारने मार्केटिंगची नवीन आचारसंहिता काढली, यूसीपीएमपी. डॉक्टरला भेटवस्तू, सहली बंद, सॅम्पल एका औषधाचे एका डॉक्टरला वर्षाला 12 पॅकपर्यंतच, आणि सगळ्या सॅम्पलची किंमत कंपनीच्या वर्षाच्या देशातल्या विक्रीच्या 2 टक्क्यांच्या वर जाता कामा नये, डायरी-कॅलेंडर टाइप वस्तू नगाला 1,000 रुपयांच्या आत. त्यात पण एमआरची व्याख्या बघा, कंपनीतर्फे डॉक्टर-हॉस्पिटल-केमिस्टकडे जाणारा, मग तो कॉन्ट्रॅक्टवर का असेना. परत तेच, कार्डाला कोणी विचारलंच नाही.

तर त्या संध्याकाळी आम्ही दोन्ही लेटरं टेबलावर पसरली, मी पदाच्या नावावर शेवेची वाटी ठेवून दिली आणि म्हटलं आता बाकीचं वाच. हेडक्वार्टर, म्हणजे तुझं राहायचं गाव, कुठे? मॅनेजरवाल्या लेटरात बडवानी, आणि महिन्यातले बारा दिवस आउटस्टेशन. एमआरवाल्यात इंदूर, देवास-महू-उज्जैन एक्स-स्टेशन म्हणजे सकाळी जाऊन रात्री घरी. एक्स आणि आउटस्टेशनमधला फरक सोपा आहे, रात्री कुठल्या उशीवर डोकं टेकतं तो. डीए किती, लॉज त्यात धरलंय का वेगळं? प्रोबेशन किती, कन्फर्मेशन लेखी मिळणार का? डिव्हिजन कोणती, म्हणजे सर्दी-खोकल्याची अँटिबायोटिकं का बीपी-शुगरची, कारण बीपीची गोळी एकदा चिठ्ठीवर चढली की पेशंट वर्षानुवर्षं घेतो, आणि खोकल्याचं सिरप पाच दिवसांचं, पावसाळा संपला की सेल खाली. आणि या जागेवर आधीचा माणूस का गेला? हे लेटरात नसतं, ते दवा बाजारातल्या स्टॉकिस्टला विचारायचं, तो दोन मिनिटांत सगळं सांगतो, वर चहा पण पाजतो. विचारलं. बडवानीच्या जागेवरून दीड वर्षात तीन जण गेले होते.

बाळाने एमआरवालं घेतलं. ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, भाऊजी मात्र हळूच म्हणाले बरं झालं, घरी जेवायला तरी असेल. स्थळांसाठी जो बायोडेटा केलाय त्यात ताईने शेवटी 'नामांकित फार्मा कंपनीत' एवढंच लिहिलंय, पद गाळून.

चौथ्या दिवशी साहेबांचा फोन, रस्त्यावरचा गोंगाट मागे. "मामा, केमिस्ट काही सांगतच नाहीये, आरसीपीए कसा भरू?" विचारलं वही काढली होतीस का काउंटरवर? म्हणे हो. म्हटलं ती आत टाक, एक टूथपेस्ट विकत घे, आणि गर्दी कमी होईपर्यंत उभा राहा.